बाळ, बॅकयार्ड आणि ओंटारिओतला एप्रिल

तुम्ही विचारलंय की नवऱ्याला कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात टोरोंटोजवळ वर्क परमिटवर नोकरी मिळाली आहे, बाळ पाच महिन्यांचं आहे, मार्चअखेर पोहोचायचा बेत आहे, तर बाळाला मोकळं खेळता यावं म्हणून अपार्टमेंटऐवजी अंगणवालं अख्खं घर भाड्याने घ्यावं का. या जरूर. पण पहिल्या वर्षी मोठं अंगण गळ्यात घेऊ नका, आणि कंपनी ऐकत असेल तर मार्चऐवजी मेच्या मध्यावर या.

आमची लेक ऑक्टोबरमधली. घर त्याआधीच घेतलेलं, मागे चांगलं लांबलचक बॅकयार्ड, शेवटी कुंपणाला सीडरच्या झाडांची रांग. हिवाळाभर सगळं बर्फाखाली, त्यामुळे अंगणाचं काम शून्य. रात्रीची जागरणं सोडली तर आपलं बरं चाललंय, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी उन्हाळी वेळेसाठी घड्याळं तासभर पुढे गेली आणि बाळाचं झोपेचं गणित आठ-दहा दिवस बिघडलं, हा पहिला दणका. दुसरा एप्रिलमध्ये. बर्फ वितळला आणि पानगळीत उचलायची राहिलेली कुजकी पानं, गवतावर करडी बुरशी, खारींनी उकरून अर्धवट खाल्लेले ट्यूलिपचे कंद, पन्हळीत अडकून कोंब फुटलेल्या मेपलच्या बिया, असं सगळं एकदम समोर आलं.

इथे वसंत फार घाईत असतो. बर्फ गेल्या गेल्या लॉनवर चालायचंही नाही, जमीन भिजलेली असते, पाय रुततात आणि माती दबते. एप्रिलच्या उत्तरार्धात ती जरा वाळली की पानं ओढणं, टकलं पडलेल्या जागी गवताचं बी टाकणं, पन्हळी साफ करणं, पाण्याचा बाहेरचा नळ आतून पुन्हा सुरू करणं. मेमध्ये गवत असं वाढतं की दर आठवड्याला मोअर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, काढावाच लागतो. बहुतेक महापालिकांचे गवताच्या उंचीचे नियम आहेत. टोरोंटोत लॉन 20 सेंटिमीटरच्या वर गेलं तर नोटीस येऊ शकते. टोमॅटो-मिरचीची रोपं मात्र व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीपर्यंत बाहेर लावत नाहीत. तो 25 मेच्या आधीचा सोमवार. तोवर एखाद्या रात्री पारा शून्याखाली जाऊन रोपं काळी पडतात. म्हणजे सगळं मिळून सहा-सात आठवडे, आणि त्यातले निम्मे शनिवार-रविवार पाऊस खातो.

आता यात बाळ बसवा. सहा महिन्यांचं बाळ दुपारी किती झोपतं ते तुम्हाला माहीत आहेच. आमची चाळीस मिनिटं. त्यातली पाच बूट-हातमोजे घालण्यात, पाच माती धुण्यात. मी कमरेला बेबी मॉनिटर लावून तण काढायला बसायचो. सीडरच्या अलीकडे साधारण दहा पावलांवर मॉनिटरची रेंज संपायची आणि तो टुकटुक वाजायला लागायचा. त्यामुळे त्या वर्षी आमच्या अंगणाचे सरळ दोन भाग झाले, अलीकडे हिरवंगार लॉन आणि पलीकडे डँडेलियन या पिवळ्या फुलांच्या तणाचं पिवळंधमक शेत. मध्ये आखल्यासारखी रेघ. शेजारच्या आजींनी कुंपणावरून ती रेघ बघून विचारलं, पलीकडची जागा दुसऱ्या कुणाची आहे का?

डँडेलियनवर औषध का मारत नाही, असं वाटेल. निव्वळ लॉन सुंदर दिसावं म्हणून रासायनिक तणनाशक मारायला ओंटारिओत 2009 पासून बंदी आहे. काही कमी जोखमीची औषधं मिळतात, पण खरा उपाय म्हणजे लांब दांड्याचं दुबेळकं घेऊन मुळासकट उपटणं. मूळ गाजरासारखं सरळ खोल जातं, अर्ध्यात तुटलं की पुन्हा उगवतं. मुलगी रांगायला लागून गवताची मूठ तोंडात कोंबू लागली तेव्हा या बंदीबद्दलची माझी सगळी कुरकुर संपली.

बाळाला बाहेर न्यायचं म्हटलं की तीन-चार गोष्टी डोक्यात ठेवा. सहा महिन्यांच्या आत सनस्क्रीन लावायचं नाही, सावली आणि टोपी. डीट हे रसायन असलेलं डासांचं औषधही त्या वयात नाही, स्ट्रोलरवर जाळी घाला. गोचिडी हा इथला खरा उपद्रव. तापमान 4 अंशांच्या वर गेलं की त्या हालचाल करू लागतात, आणि काळ्या पायांच्या गोचिडीतून लाइम नावाचा आजार होतो. त्या मुख्यतः पालापाचोळ्यात आणि उंच गवतात असतात, म्हणजे नेमकं आपण साफ करत असतो तिथे. मला एकदा पँटच्या शिवणीवर तिळाएवढी सापडली, तीही पानं भरून आत येऊन मुलीला उचलल्यानंतर! तेव्हापासून बाहेरचे कपडे बदलल्याशिवाय तिला हात लावत नाही. चावलेली दिसली तर बारीक चिमट्याने त्वचेला टेकून धरून सरळ ओढायची आणि डॉक्टरांना दाखवायचं. संसर्ग व्हायला ती साधारणतः दिवसभर तरी चिकटून राहावी लागते, त्यामुळे रोज अंघोळीच्या वेळी बाळाचं अंग तपासलं की पुरतं. आणि जुन्या अंगणात लिली ऑफ द व्हॅलीची फुलझाडं हमखास असतात. नाजूक, सुवासिक आणि विषारी. रांगायच्या आत काढून टाका.

मोअर चालू असताना बाळ घरात, दुसऱ्या कुणाच्या तरी हातात. यात तडजोड नाही, मोअरखालून दगड गोळीसारखा उडतो.

दुसरं कोण, हा तुमचा खरा प्रश्न आहे, तुम्ही तो विचारला नसला तरी. आई-बाबांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येईल असा सुपर व्हिसा असतो, पण बोलावणारा नागरिक किंवा पीआर (कायमचा रहिवासी) असावा लागतो, उत्पन्नाची अट असते आणि निदान एक लाख डॉलरचा वैद्यकीय विमा लागतो. वर्क परमिटवर तुम्ही त्यांना साध्या व्हिजिटर व्हिसावर बोलवाल, त्यात साधारण सहा महिने मिळतात. मग ते वसंत-उन्हाळ्याचे असू देत, जानेवारीत बोलावून त्यांना खिडकीत बसवू नका. डेकेअरच्या याद्या लांब असतात, घराचा पत्ता ठरला की त्याच आठवड्यात नाव घाला. सरकारकडून मिळणारा चाइल्ड बेनिफिट वर्क परमिटवाल्यांना सलग 18 महिने राहिल्यावर, एकोणिसाव्या महिन्यापासून लागू होतो, तेव्हा पहिल्या वर्षाच्या हिशेबात तो धरू नका.

घराचं म्हणाल तर टाउनहाउस, म्हणजे ओळीतलं भिंतीला भिंत लागून असलेलं घर, बघा. मागे चटई टाकून बाळाला बसवता येईल एवढा तुकडा पुरे. करार करताना गवत कोण कापणार, बर्फ कोण उचलणार, मोअर कुणाचा, हे लेखी घ्या. तोंडी “बघू आपण” म्हणणारे घरमालक मे महिन्यात फोन उचलत नाहीत, हा माझा भाड्याच्या घरातला अनुभव. झाड लावायला किंवा कुंपणाचा खांब रोवायला खड्डा करायचा असेल तर आधी ओंटारिओ वन कॉल या सेवेला कळवावं लागतं, मग त्या त्या कंपन्या जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइनी फुकट आखून देतात. भाड्याचं घर असेल तर खड्ड्याच्या भानगडीत पडूच नका.

सामानाचं विचारलंय. कार सीट तिकडून आणू नका, कॅनडाचं सुरक्षेचं चिन्ह नसलेली सीट इथे गाडीत चालत नाही. विमानतळावर घ्यायला येणाऱ्याला इथली सीट बसवून आणायला सांगा. बेबी वॉकर तर अजिबात नको, कुणी प्रेमाने दिला तरी. 2004 पासून त्याच्या विक्रीवर आणि आयातीवर बंदी आहे. खुरपं मात्र आणा. इथल्या दुकानातल्या छोट्या फावड्यांनी वाफ्यातलं बारीक तण निघत नाही. नवं कोरं घ्या, माती लागलेलं वापरातलं नको, कारण देशात माती आणायला परवाना लागतो. आणि ते चेक-इनच्या बॅगेत घाला.