को-वर्किंगमध्ये (खुर्च्या भाड्याने देणाऱ्या सामायिक ऑफिसात) पाट्या लावल्या, फोम लावला, तरी फोनवरच्या बोलण्याच्या तक्रारी थांबत नाहीत. काय करावं?

तुमची परिस्थिती थोडक्यात अशी: पुण्यात बाणेरला एकच हॉल, ८५० चौरस फूट, उंची १० फूट, २२ खुर्च्या. ‘शांतता राखा’ असं लिहून झालं, भिंतीला काळा फोम चिकटवून झाला, आणि कुणाला सांगायला गेलं की वादच होतो.

पाटी वाचून माणूस करणार काय? क्लायंटचा फोन आलाय, तो घ्यावाच लागणार. जायला जागा नसेल तर नियम कागदावरच राहतो. त्यामुळे आधी जागा करा, मग नियम.

शिवाय त्रास नुसत्या आवाजाचा नसतो, शब्द कळण्याचा असतो. एसीची घरघर दिवसभर चालते, कुणी तक्रार करत नाही. पण पलीकडच्या टेबलावरचं ‘इनव्हॉइस अजून आलं नाही’ हे वाक्य कळलं की हातातलं काम थांबतं. थंडीत एसी बंद झाल्यावर तक्रारी वाढतात त्या यामुळेच: बोलणं झाकणारा आवाज गेलेला असतो.

आता फोम. इंचभर जाडीचा, अंड्याच्या ट्रेसारखा फोम फक्त चरचरीत, उंच आवाज शोषतो. बोलण्यातला जाड भाग तसाच राहतो, आणि पलीकडे जाणारा आवाज तर तो अजिबात अडवत नाही. तुमच्या हॉलमध्ये व्हिट्रिफाइड टाइल, काच आणि साधं जिप्सम सीलिंग असेल, तर आवाज विरायला अंदाजे १.३ सेकंद लागतात. तो काळ ०.६ पर्यंत आणायचा तर सुमारे ४०० ते ४५० चौरस फूट चांगलं शोषक लागेल, म्हणजे जवळजवळ अर्धं सीलिंग. ५० मिमी जाडीचे, घनमीटरला ४८ किलो घनतेचे ग्लासवूल (काचेच्या तंतूंचे) पॅनल कापडात गुंडाळून टेबलांच्या वर टांगा. ९ मिमीचे रंगीत फेल्ट पॅनल भिंतीला सपाट चिकटवले तर पैसे बहुतेक वाया जातात. तेच मागे ५० मिमी पोकळी सोडून लावले तर बरंच काम करतात.

फोन बूथ, म्हणजे फोनवर बोलायची छोटी बंद खोली, दहा खुर्च्यांमागे एक धरा, म्हणजे तुम्हाला दोन. बिघडतं ते इथेच. एक, पार्टिशन फॉल्स सीलिंगपाशी थांबवतात आणि आवाज वरून पलीकडे उतरतो. ते स्लॅबपर्यंत न्या किंवा बूथला स्वतःचं छत द्या. दोन, टफन्ड काचेच्या दाराला चारी बाजूंनी फट असते. तेवढी फट राहिली तर भिंत कितीही जाड असली तरी उपयोग नाही. भरीव फ्लश डोअर, तीन बाजूंना रबरी पट्टी, खाली ड्रॉप सील, म्हणजे दार लावलं की खाली उतरून फट बुजवणारी पट्टी. तीन, हवा. पंखा नसला की दहा मिनिटांत घाम फुटतो, माणूस दार उघडं ठेवून बोलतो आणि बूथ असून नसल्यासारखा. छोटा एक्झॉस्ट बसवा, पण हवेची वाट सरळ भोक पाडून देऊ नका; आतून शोषक लावलेली, दोन वळणांची ठेवा.

मोठ्याने बोलणारे सगळे बेफिकीर नसतात. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्येच नोंदवलं होतं. नॉइज कॅन्सलिंग हेडफोनने वेगळाच घोटाळा होतो: स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही म्हणून माणूस ओरडतो. हेडसेटच्या अ‍ॅपमध्ये साइडटोन (स्वतःचा आवाज कानात ऐकवणारी सोय) असेल तर चालू करायला सांगा, नाहीतर एक कान उघडा ठेवायला. माइकची दांडी ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर असली तर हळू बोललेलंही पलीकडे स्वच्छ पोचतं.

नियम मग चारच पुरतात: स्पीकरवर फोन नाही, दोन मिनिटांपेक्षा लांब बोलणं बूथमध्ये, बूथ एका वेळी जास्तीत जास्त अर्धा तास, फोन टेबलावर थरथरत ठेवायचा नाही. टोकायचं काम शेजाऱ्यावर सोडू नका. तक्रार फ्रंट डेस्कला व्हॉट्सअ‍ॅपवर यावी आणि डेस्कवरच्या माणसाने जवळ जाऊन हळूच म्हणावं, ‘दोन नंबरचा बूथ रिकामा आहे, तिकडे बसता का?’ ‘जरा हळू बोला’ याने चारचौघांत अपमान वाटतो. जागा दाखवली की माणूस सहसा उठतो.

गाणी लावून बोलणं झाकायला जाऊ नका, त्यातले शब्द आणखी त्रास देतात. पॅनल आणि बूथ झाल्यावरही शब्द कळत असतील तर सीलिंगमधल्या स्पीकरवरून सपाट सूं असा आवाज ४२ ते ४५ डेसिबलला सोडा. ४८ च्या वर गेलात की लोक पुन्हा आवाज चढवतील.

आणि दिवसभर कॉल करणारी सेल्स किंवा रिक्रूटमेंटची टीम खुल्या हॉलमध्ये घेऊच नका, भाडं कितीही देवोत. त्यांना बंद केबिन द्या, नसेल तर नाही म्हणा. आधीच बसलेली असेल तर करार नूतनीकरणाला येईल तेव्हा ‘खुल्या हॉलमध्ये सलग कॉलिंग चालणार नाही’ हे कलम घालून घ्या.