ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) बाहेरून धुऊन वॅक्स करायचा सोपा मार्ग कोणता?

पेस्ट वॅक्स हाताने चोळत बसू नका, एवढ्या मोठ्या ट्रेलरला खांदे भरून येतील. आधी छप्पर धुवा, कारण बाजूंवरचे काळे ओघळ तिथूनच येतात. मग सावलीत एकेक बाजू घ्या: लांब दांड्याचा मऊ ब्रश, कार शाम्पू, भरपूर पाणी. भांड्यांचं लिक्विड नको, ते आधीचं वॅक्स उतरवतं. ट्रेलर ओला असतानाच, ओल्या पृष्ठभागावर चालणारं स्प्रे वॅक्स मारा आणि मायक्रोफायबरने पुसा. काही महिन्यांनी पुन्हा मारावं लागतं, पण कष्ट कमी. प्रेशर वॉशर सांधे, सीलंट आणि स्टिकरांपासून लांबच ठेवा. फायबरग्लासवर हात फिरवून पांढरी भुकटी लागत असेल, तर मात्र आधी मशीनने पॉलिश करावंच लागेल. तिथे स्प्रे उपयोगाचा नाही.