विटेबरोबर कागदही पोचू दे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

फ्लाय अॅशच्या, म्हणजे वीजकेंद्रातल्या कोळशाच्या राखेच्या विटांचा कारखाना सुरू केलास आणि पुण्यातल्या एका ग्रीन बिल्डिंगची चौकशी आली, हे कळलं. कोटेशन धाडण्याआधी लेटरहेडवरची ‘आयजीबीसी सर्टिफाइड विटा’ ही ओळ खोड. आयजीबीसी असो, लीड असो की गृह, या पर्यावरणपूरक इमारतींना रेटिंग देणाऱ्या पद्धती; रेटिंग इमारतीला मिळतं. विटेचा हातभार लागतो, तोही कागदावर दाखवता आला तरच. मालासाठी सीआयआय या उद्योगसंघटनेचं ग्रीनप्रो हे वेगळं लेबल आहे. ते घेतलं असशील तर तेच नाव लिही.

आता आकडा बघ. मिश्रणात राख ६० टक्के म्हणतोस, पण ती वजनाने की घमेल्याने? हिशोब वजनाचा लागतो. वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्यातली राख ओली येते, पाण्यासकट तोललीस की टक्का फुगतो. कोरडं वजन धर. शिवाय ही राख वीजकेंद्रातून निघालेली, ग्राहकाने वापरून टाकलेली नव्हे, त्यामुळे लीड तिला निम्मंच मोजतं. ६० चे ३० झाले. विटांचे ८ लाख होत असतील तर पुनर्वापराच्या खात्यात जमा २ लाख ४० हजार. बांधकामाची मजुरी त्या ८ लाखांत नको. मालाबरोबर तू देशील ते पत्र नुसतं ‘६० टक्के रिसायकल्ड’ असं असेल तर इमारतीच्या रेटिंगचं काम बघणारा कन्सल्टंट परत पाठवणार. राख कुठल्या केंद्राची, कोरड्या वजनाने किती, हे त्यात हवं.

अंतराचंही तसंच. माल जवळचा असेल तर रेटिंगमध्ये फायदा होतो, पण अंतर कारखान्यापासून धरतात, डीलरच्या गोदामापासून नाही. आयजीबीसीची मर्यादा ४०० किमीची. लीडच्या चौथ्या आवृत्तीत १६० किमी, आणि तिथे कच्चा मालही त्याच वर्तुळातला लागतो. कारखाना चाकणला असला तरी राख भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राची असेल तर लीडचा हा फायदा गेला. नाशिकजवळच्या एकलहरे वीजकेंद्राची राख पुणे शहरासाठी अगदी काठावर येते. नकाशावर सरळ रेषा टाकून बघ, गाडीचं मीटर वाचू नकोस.

खरा घोळ मात्र पुरवठा सुरू झाल्यावर होतो. पावसाळ्यात राखेची गाडी अडली की कच (दगडाची बारीक भुकटी) वाढवून काम भागवतात. वीट तशीच दिसते, पण पत्रातला टक्का खोटा ठरतो. मिश्रण बदललंस तर त्या बॅचचं पत्र वेगळं दे. टेस्ट रिपोर्ट एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा घे: राखेबरोबर चुना वापरलेली वीट असेल तर आयएस १२८९४ या मानकाप्रमाणे, सिमेंट वापरलेली असेल तर आयएस १६७२० प्रमाणे. उत्पादक नाक मुरडतात, पण रिपोर्ट जुना असेल तर कन्सल्टंट तो पुन्हा मागतात, आणि बरोबरच मागतात.

क्युरिंग, म्हणजे पाणी देऊन वीट पक्की करणं, अर्धवट असताना गाडी भरू नकोस. कोपरे तुटतात, तुकडे साईटच्या राडारोड्यात जातात, आणि त्या राडारोड्यापैकी किती लँडफिलला (कचरा पुरण्याच्या जागी) जाऊ दिला नाही यालाही गुण असतात. तुटकी वीट परत घेऊन पुन्हा मिश्रणात वापरतोस, असं लिहून देता आलं तर साईट इंजिनिअर तुझं नाव लक्षात ठेवेल.

नावाची शिस्त पाळ. पत्रात ‘फ्लाय अॅश ब्रिक’, बिलात नुसतं ‘ब्रिक्स’, डिलिव्हरी चलनावर ‘६ इंची’ असं लिहिलंस तर तपासणाऱ्याच्या लेखी ते तीन वेगळे माल. तिन्हीकडे एकच नाव, एकच माप. माल डीलरमार्फत गेला तर त्याच्या बिलावर उत्पादक म्हणून तुझं नाव आणि कारखान्याचं गाव यायलाच हवं. तेवढं त्याच्याकडून आधीच कबूल करून घे.

ठेकेदाराला कागदांची आठवण होते ती इमारत उभी राहिल्यावर, फाइल जमा करायच्या आठवड्यात. तोवर तुझा हिशेबनीस बदललेला असेल. म्हणून पहिल्या गाडीपासून या कामाची फाइल वेगळी ठेव आणि चलनांच्या प्रती महिन्याच्या महिन्याला कन्सल्टंटला पाठवत जा. पत्राचा मसुदा तयार झाला की मला धाड. टक्के आणि अंतर तपासून देतो.

तुझा,
काका