कोळशा-डिझेलच्या उत्सर्जनावर किंमत लावली तर हवामानबदल थांबेल का, की शेवटी गरीबच भरडला जाईल?

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचून मला लिहावेसे वाटले, कारण नेमका तोच प्रश्न माझा मेव्हणा मला गेली कित्येक वर्षे विचारत आला आहे, आणि विचारताना त्याचा सूर असा असतो की जणू आज गरिबाला कोळसा फुकटच पडतो आहे. तो फुकट पडत नाही. कोळसा काढणारा, वाहणारा आणि जाळणारा जी किंमत देत नाही, ती दुसरा कोणीतरी देतच असतो; त्याची पावती फाटत नाही, एवढाच काय तो फरक.

मी वणी तालुक्यातला कास्तकार आहे आणि माझ्या वावराचा एक धुरा कोळसा वाहतुकीच्या रस्त्याला लागून आहे. या रस्त्यावरून दिवसरात्र टिपर धावतात. त्यांच्यावरची ताडपत्री बहुधा नावापुरती असते, आणि रस्त्यावर पाणी मारण्याचे जे ठरलेले असते ते अधिकारी येणार असल्याची कुणकुण लागली तरच मारले जाते. कापूस फुटला की रस्त्याकडच्या ओळींमधली बोंडे पांढरी न दिसता राखाडी दिसतात. त्या ओळी वेचायला बाया राजी नसतात, कारण तासाभरात ओटी आतून काळी होते आणि डोळे चुरचुरू लागतात. म्हणून त्या पट्ट्यासाठी मला किलोमागे दोन रुपये जास्त मोजावे लागतात. हा झाला पहिला कर.

दुसरा कर जिनिंगच्या फाटकावर बसतो. २०२३-२४ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७०२० रुपये होता आणि खासगी बाजार त्याच्या खालीच चालला होता. माझी गाडी लागली तेव्हा ग्रेडरने वरचा कापूस पाहिलाही नाही. त्याने ढिगात कोपरापर्यंत हात घातला, खालची मूठ ओढून काढली, चिमटीत धरून दोन बोटांमध्ये चोळली आणि ती दोन बोटे माझ्यासमोर धरली. त्यांवर काजळी धरली होती. "हा कोळशाच्या पट्ट्यातला माल हाय, याले तो भाव नाई भेटत," एवढे बोलून त्याने क्विंटलमागे ४०० रुपये कापले. मी हुज्जत घातली, पण मागे गाड्यांची रांग होती आणि माल परत नेण्याचे भाडे मलाच पडणार होते.

त्याच संध्याकाळी मेव्हणा घरी आला. त्याचे स्वतःचे टिपर आहेत आणि ते त्याच रस्त्यावर भाड्याने चालतात, हे येथे सांगितलेच पाहिजे. मी म्हणालो की कोळशावर आजच्यापेक्षा बराच जास्त कर बसला पाहिजे. तो हसून म्हणाला, "भाऊजी, कोळशावर आखीन कर बसला त लाइनचं बिल कोन भरन? तुमीच ना!" त्यावर मी त्याला विचारले की केंद्र सरकार एक टन कोळशावर ४०० रुपये उपकर घेते आणि माझ्या एक क्विंटल कापसावर आज ४०० रुपये कापले गेले, तर मग कोळशाची किंमत जास्त कोण देत आहे? याचे उत्तर त्याने अद्याप दिलेले नाही. त्याऐवजी तो म्हणाला की धूळ वेगळी आणि कार्बन डायऑक्साइड वेगळा, दोन्हींची गल्लत करू नका.

दोन्ही वेगळे आहेत हे मलाही माहीत आहे. परंतु त्या फरकातून त्याच्या बाजूचा नव्हे, माझ्या बाजूचा मुद्दा निघतो. धूळ निदान दिसते, ती कोणाच्या टिपरमधून पडली ते सांगता येते आणि ताडपत्री नीट बांधली तर ती अडतेही. धुराड्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड मात्र जगभरच्या हवेत मिसळतो आणि त्याचे नुकसान, मग ते पावसाच्या लांबलेल्या खंडाचे असो की एका रात्रीत वावर खरडून नेणाऱ्या पावसाचे, कोणाच्याही दारात नेऊन टाकता येत नाही. अशा वेळी मूळ ठिकाणीच, म्हणजे इंधनावरच, किंमत लावण्याला पर्याय उरत नाही. आर्थर पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच हा विचार मांडला होता की ज्याच्या व्यवहारामुळे तिऱ्हाइताचे नुकसान होते त्याच्यावर त्या नुकसानीइतका कर बसवावा.

आता लाइनच्या, म्हणजे विजेच्या, बिलाचे पाहू. औष्णिक केंद्रात एक युनिट विजेला ढोबळमानाने ७०० ग्रॅम कोळसा लागतो. टनाला ४०० रुपये या हिशेबाने युनिटमागे २८ पैसे होतात, म्हणजे महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराला २८ रुपये. एक टन कोळसा जाळला की साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो, असे धरले तर ही किंमत उत्सर्जनाच्या टनामागे पावणेतीनशे रुपयांच्याही आत राहते. युरोपात कारखान्यांना कार्बन डायऑक्साइड सोडण्यासाठी टनामागे परवाना घ्यावा लागतो; त्या परवान्याचा भाव फेब्रुवारी २०२३ मध्ये टनाला १०० युरोच्या वर गेला होता. हा उपकर आपल्याकडे २०१० साली ५० रुपयांनी सुरू झाला, २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० झाला. बिलात तो इतकी वर्षे मुरलेला होता आणि माझ्या मेव्हण्यासह कोणालाही त्याचा पत्ता नव्हता. त्यामुळे "कर लागला तर गरीब मरेल" हे म्हणणे मला पटत नाही.

मला राग आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. हा पैसा स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून गोळा झाला होता. २०१७-१८ पर्यंत ८६ हजार कोटींहून अधिक जमा झाले, त्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश रक्कम त्यासाठी काढलेल्या निधीकडे वळली आणि प्रत्यक्ष प्रकल्पांना मिळाले ते १६ हजार कोटींच्या आत. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तोच उपकर राज्यांच्या महसुलाची भरपाई करण्यासाठी वापरला जाऊ लागला. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये तो रद्दच झाला आणि त्याऐवजी कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला. म्हणजे आता कर कोळशाच्या वजनावर नसून त्याच्या किमतीवर आहे, आणि त्यामुळे जास्त राखेच्या, स्वस्त कोळशावरचा बोजा उलट हलका झाला आहे. कार्बनवर किंमत लावण्याच्या नेमके विरुद्ध दिशेने टाकलेले हे पाऊल आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण गरिबांविषयी विचारले आहे, तर भार पडणे न पडणे हे कर किती यापेक्षा पैसा कोठे जातो यावर अवलंबून असते. स्वित्झर्लंडमध्ये कार्बन कराचा सुमारे दोन तृतीयांश भाग नागरिकांना आणि उद्योगांना परत दिला जातो, आणि नागरिकांना तो आरोग्यविम्याच्या बिलातून वजा होऊन मिळतो. फ्रान्सने २०१८ मध्ये परतफेडीचा विचार न करता इंधनकर वाढवायला घेतला आणि लोक रस्त्यावर उतरल्यावर त्याला माघार घ्यावी लागली. कॅनडाने तर दर तिमाहीला पैसे खात्यात टाकले, तरीही लोकांना पंपावरची वाढ दिसली आणि खात्यातली रक्कम दिसली नाही. एप्रिल २०२५ मध्ये तेथील ग्राहकांवरचा इंधन आकार शून्यावर आला. स्वीडन मात्र १९९१ पासून हा कर घेत आहे, आणि तेथील उत्सर्जन घटले तरी अर्थव्यवस्था वाढतच राहिली. आपल्याकडे खात्यात थेट पैसा टाकण्याची व्यवस्था नाही असे आता कोणी म्हणू नये. पीएम किसानचा आणि लाडक्या बहिणीचा हप्ता खेड्यापाड्यात पोहोचतो, तर कोळशाचा हप्ता का पोहोचू नये? तो डोईमागे सारखाच वाटावा. जास्त वीज आणि डिझेल श्रीमंत वापरतो, त्यामुळे भरणा त्याचा अधिक होईल आणि मजुराच्या घरात मात्र खर्चापेक्षा जास्त पैसा परत येईल.

हवामानबदल केवळ किमतीने थांबेल का, या पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात नाही असेच आहे. जगातील सुमारे एक चतुर्थांश उत्सर्जनावरच आज कोणती ना कोणती किंमत आहे आणि बहुतेक ठिकाणी ती फारच कमी आहे. आपली कार्बन क्रेडिट व्यापार योजना, म्हणजे लक्ष्यापेक्षा कमी उत्सर्जन करणाऱ्या उद्योगाने उरलेली सूट इतरांना विकायची अशी व्यवस्था, २०२३ मध्ये अधिसूचित झाली. तिच्यात सिमेंट आणि ॲल्युमिनियमसारखे उद्योग आधी घेतले आणि औष्णिक वीज बाहेर ठेवली, शिवाय लक्ष्य एकूण उत्सर्जनाचे न ठेवता उत्पादनाच्या टनामागचे ठेवले, त्यामुळे उत्पादन वाढले तर एकूण धूरही वाढू शकतो. जानेवारी २०२६ पासून युरोप बाहेरून येणाऱ्या पोलाद-सिमेंटवर कार्बनचा आकार लावतो आहे. म्हणजे येथे आपण घेतला नाही तर तो पैसा तेथे भरावा लागेल, हेही मेव्हण्याला सांगून झाले आहे.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने लिहिली पाहिजे. डोईमागे सारखी वाटणी केली तर टिपरचा ड्रायव्हर, खाणीतला कंत्राटी मजूर आणि रस्त्यावरचा चहावाला यांचा रोजगार त्या हप्त्याने भरून निघणार नाही, म्हणून कोळसापट्ट्यातील तालुक्यांना वाटणीपूर्वी वेगळा हिस्सा काढून द्यावा लागेल. त्यासाठी २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान, म्हणजे खाणवाल्यांकडून पैसा घेऊन खाणींची झळ बसलेल्या गावांवर खर्च करणारा जिल्ह्याचा निधी, आहेच, परंतु त्याचा पैसा कशावर खर्च होतो ते ग्रामसभेत कोणी वाचून दाखवल्याचे मला आठवत नाही. हे उत्तर मी मेव्हण्यालाही पाठवणार आहे. ४०० रुपयांच्या प्रश्नाचे उत्तर त्याने येथे खाली लिहिले तरी माझी हरकत नाही.