इंजिन बेमध्ये जागाच नाहीये, तरी स्टॉकपेक्षा मोठा टर्बो बसवता येईल का?

तुमचं इंजिन आडवं, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर गोळा करणारा पाइपांचा जोड) मागच्या अंगाला, आताच्या टर्बो आणि फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) जेमतेम चार बोटं जागा, आणि तिथे एक माप मोठा टर्बो बसवायचाय, तर मावेल का, असं विचारलंय तुम्ही. बहुतेक वेळा मावतो. मी हे काम स्वतःच्या पेट्रोल गाडीवर दोनदा केलंय, दोनदा म्हणजे पहिल्यांदा चुकलं म्हणून परत सगळं उतरवावं लागलं, आणि चुकलं ते जागा कमी पडली म्हणून नाही, तेल परत जाणाऱ्या पाइपमुळे चुकलं. म्हणून आधी तेच सांगतो, बाकीचं नंतर.

आपण सगळे वरून बघतो. बोनेट उघडलं, टेप घातली, हाउसिंग, म्हणजे टर्बोचं बाहेरचं कवच, बसतंय का बघितलं, बसतंय म्हटल्यावर ऑर्डर दिली. पण टर्बोची जागा खालून ठरते. तेल टर्बोत शिरतं ते पंपाच्या प्रेशरने, बाहेर पडतं ते मात्र फक्त स्वतःच्या वजनाने. आत शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत असतो, तेलाचा तिथे फेस होतो, आणि तो फेस नुसता खाली घरंगळत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, जायला हवा. म्हणजे ड्रेनचा पाइप आतून निदान अर्धा इंच हवा, पूर्ण लांबीभर उतार हवा, कुठे झोळ नको, उंचवटा नको, आणि चेंबरला तो तेलाच्या पातळीच्या वर जोडलेला हवा. ओळंबा सोडून बघा, ड्रेनचं तोंड ओळंब्यापासून ३५ अंशांपेक्षा जास्त कललेलं नको. शाफ्ट आडवा धरायचा, पुढेमागे १५ अंशांपर्यंत चालतो.

मी काय केलं होतं, फायरवॉलपासून हाउसिंग लांब न्यायला टर्बोचा मधला, तेलाचा भाग पुढे फिरवला, त्यामुळे ड्रेन तिरका झाला, आणि त्याचा होज माउंटिंगच्या ब्रॅकेटवरून जाऊन मग खाली उतरत होता. नुसतं बघून काही खटकत नव्हतं. गाडी चालू केली, पाच मिनिटं आयडलवर ठेवली आणि सायलेन्सरमधून निळा धूर. चालवली की कमी व्हायचा, सिग्नलला थांबलो की परत. मला वाटलं सील गेलं. टर्बो उतरवला, शाफ्टचा प्ले बघितला, काहीच नाही. टर्बोची सील्स म्हणजे रबरी ऑइल सील नसतात हो, पिस्टनच्या रिंगसारख्या बारीक रिंगा असतात, आत तेल तुंबलं की त्या ते अडवू शकत नाहीत. तसाच परत चढवला, परत धूर. शेवटी गाडीखाली झोपून होजवरून हात फिरवला तेव्हा तो ब्रॅकेटवर बोटभर वर चढलेला हाताला लागला. ब्रॅकेट कापून वेल्डिंगने दुसरीकडे घेतलं, होज सरळ खाली सोडला, धूर बंद. तुम्हाला कधी असा धूर दिसला तर टर्बोला दोष देण्याआधी ड्रेन बघा आणि इंजिनचा ब्रीदर (आतला दाब बाहेर सोडणारी नळी) बघा, कारण क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीत, प्रेशर साठलं तरी तेल खाली उतरत नाही.

आता फिरवण्याबद्दल. टर्बोचे तीन भाग, गरम बाजूचं म्हणजे एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाचं हाउसिंग, मधला तेलाचा भाग आणि थंड बाजूचं म्हणजे हवा दाबणाऱ्या कंप्रेसरचं हाउसिंग, हे बोल्ट किंवा क्लॅम्प ढिले केले की बहुतेक मॉडेलमध्ये एकमेकांवर फिरतात. अरुंद जागेत सगळ्यात जास्त उपयोग ह्याचाच होतो. पण क्रम असा ठेवा की आधी मधला भाग ड्रेन खाली धरून पक्का, मग मॅनिफोल्डच्या फ्लँजप्रमाणे गरम हाउसिंग, आणि सगळ्यात शेवटी कंप्रेसरचं हवा बाहेर सोडणारं तोंड इंटरकूलरच्या (दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीच्या) पाइपकडे. हाउसिंग काढावं लागलं तर सरळ ओढून काढा, तिरकं झालं की व्हीलचं पातं घासतं आणि ॲल्युमिनियमचं पातं दुमडायला तेवढं पुरतं. वेस्टगेट म्हणजे जादा एक्झॉस्ट बाजूने सोडणारी झडप, ती उघडणाऱ्या ॲक्च्युएटरचं ब्रॅकेट बऱ्याचदा कंप्रेसर हाउसिंगवरच असतं, म्हणजे हाउसिंग फिरवलं की रॉडचा कोन पण फिरला. रॉड लिव्हरच्या सरळ रेषेत सरकला पाहिजे, तिरका असेल तर अडकतो, गेट पूर्ण उघडत नाही आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, हाताबाहेर जातो. लागलं तर नवीन ब्रॅकेट बनवा, पण रॉड वाकवून भागवू नका. टर्बोला पाण्याची लाइन असेल तर बाहेर जाणारं तोंड आत येणाऱ्यापेक्षा थोडं वर ठेवा, इंजिन बंद केल्यावर पंप थांबलेला असतो तरी गरम पाणी आपोआप वर सरकतं आणि बेअरिंगमधलं तेल करपत नाही.

माप घेताना कागदावरच्या आकड्यांवर जाऊ नका, पुठ्ठ्याचा नाहीतर थर्माकोलचा डमी करा, किंवा त्याच मापाचा मेलेला टर्बो कुणाकडे मिळाला तर सोन्याहून पिवळं. आणि इंजिन हलतं हे धरूनच माप घ्या. आडवं इंजिन थ्रॉटल दिला की पुढेमागे झुलतं, टर्बो वरच्या टोकाला असतो म्हणून तिथे ते झुलणं जास्त जाणवतं. मी मुलांची खेळायची माती घेतली, हाउसिंग आणि फायरवॉलच्या मध्ये २० मिलिमीटर जाडीचा गोळा चिकटवला, आणि गाडी बंद ठेवून लाकडी ओंडका लावून पहारीने इंजिन मागेपुढे रेटलं. गोळा काढून मोजला तर ९ मिलिमीटर राहिला होता. म्हणजे उभ्या गाडीत मला २० दिसत होते त्यातले ११ माझे नव्हतेच. तेव्हापासून गरम बाजूला इंजिन पूर्ण रेटल्यावरसुद्धा २५ मिलिमीटर तरी उरले पाहिजेत असा माझा नियम आहे. माउंटिंगचे बुश जुने असतील तर ते आधी बदला, नाहीतर हे मापच खोटं निघतं.

डमी जागेवर असतानाच प्रत्येक नटाला पाना लावून बघा. नुसता लागतो का नाही, फिरतो का ते बघा. माझ्याकडे मॅनिफोल्डच्या मागच्या चौथ्या नटाला पाना फिरेना, शेवटी एक १४ चा पाना कापून आखूड केला, तो आजही गाडीतच ठेवलेला असतो. डाउनपाइपला (टर्बोतून सायलेन्सरकडे उतरणारा पाइप) जमलं तर व्ही-बँड क्लॅम्प, म्हणजे गोल पट्टीचा क्लॅम्प, घ्या, चार नटांच्या जागी एकच, आणि तो हात पोचेल तिकडे फिरवून घेता येतो.

टर्बो कशानेच मावत नसेल तर मॅनिफोल्ड बदलणं हा खरा उपाय. वर घ्या, खाली घ्या, ड्रेनला उतार उरतोय तोवर काहीही चालतं. फक्त पातळ पाइपच्या मॅनिफोल्डवर जड टर्बो नुसता लटकवू नका, गरम-थंड होऊन वेल्डिंगच्या कडेला तडा जातो. आधार द्या, आणि तो इंजिनच्या ब्लॉकला द्या, बॉडीला नाही. डाउनपाइपमध्ये फ्लेक्स, म्हणजे लवचिक तुकडा, हवाच.

उष्णतेबद्दल मी जरा कडक बोलतो, कारण इथे ब्रेकचा प्रश्न आहे. पेट्रोल इंजिनला जोर लावला की एक्झॉस्टचा गॅस ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, हाउसिंग लाल होतं, आणि फायरवॉलवरूनच बऱ्याच गाड्यांत ब्रेकचे पाइप जातात. डॉट ४ ब्रेक फ्लुइड ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषून जुनं झालं की ती हद्द १५५ पर्यंत उतरू शकते. उकळलं की पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून ब्रेकचा पाइप आणि हाउसिंगच्या मध्ये पत्र्याची शील्ड हवी, आणि पत्रा पाइपला चिकटवायचा नाही, मध्ये हवेची फट ठेवायची. टर्बोवर उष्णता अडवणारं ब्लँकेट घाला, पण त्याच्या भरवशावर शील्ड टाळू नका. वायरिंग नुसतं स्लीव्हमध्ये घालण्यापेक्षा तिथून हलवा. माझ्या गाडीत वायरिंगची एक प्लॅस्टिक क्लिप महिनाभरात बिस्किटासारखी झाली, हात लावला तर चुरा.

हवेच्या बाजूने एवढंच, की कंप्रेसरच्या हवा आत ओढणाऱ्या तोंडाशी एकदम आवळ बेंड नको आणि तिथला होज तारेचा घ्या, साधा सिलिकॉन होज ओढीने चपटा होतो.

आता मनापासून सांगू का, चार बोटं जागा असेल तर आधी हायब्रिड टर्बो बघा, म्हणजे बाहेरून स्टॉक हाउसिंग तेच, आतून मशिनिंग करून मोठं व्हील. ड्रेन, पाणी, फ्लँज सगळं जिथल्या तिथे राहतं. पेट्रोलला ढोबळमानाने मिनिटाला एक पाउंड हवा म्हणजे दहाएक हॉर्सपॉवर, ह्या हिशोबाने तुम्हाला किती ताकद हवीय ते आधी ठरवा आणि कंप्रेसर मॅपवर (कोणत्या दाबाला टर्बो किती हवा देतो त्याचा आलेख) बघा. गरजेपेक्षा मोठा घेतला तर खालच्या आरपीएमला लॅग, म्हणजे बूस्ट यायला लागणारा उशीर, वाढतो. आणि जे काही बसवाल, इंजेक्टर आणि ईसीयूचं (इंजिनच्या कॉम्प्युटरचं) ट्यूनिंग झाल्याशिवाय पूर्ण बूस्ट देऊ नका.

पहिल्यांदा चालू करताना टर्बोच्या वरच्या, तेल आत येण्याच्या तोंडातून थोडं तेल घाला, मग इंजेक्टरचं कनेक्शन काढून ऑइल प्रेशर येईपर्यंत सेल्फ मारा, पण एका दमात नाही, थांबत थांबत. तेलाच्या जोडांना सिलिकॉन अजिबात लावू नका, पॅकिंगच वापरा, सुटलेला तुकडा बारीक छिद्रात अडकला की बेअरिंग गेलं. पन्नासएक किलोमीटर झाले की पूर्ण गार करून सगळे नट परत तपासा आणि टॉर्च घेऊन आजूबाजूला ताजी चकाकती घासण बघा, जिथे दिसेल तिथे काहीतरी लागतंय.

तुमच्या गाडीचा ड्रेन कुठून उतरतो त्याचा खालून काढलेला एक फोटो इथे टाका, मधल्या भागाला किती फिरवता येईल ते त्यावरून सांगता येईल.