संशोधकाचा प्रभाव एच-इंडेक्सवरून ठरवावा का?

(मूळ प्रश्न: अर्थशास्त्रात पीएच.डी. करायची आहे. मार्गदर्शक निवडताना त्यांचा एच-इंडेक्स किती महत्त्वाचा मानावा?)

एच-इंडेक्स (एखाद्याच्या किती लेखांचा इतरांनी किमान तितक्याच वेळा संदर्भ दिला, तो आकडा) जरूर पाहा, पण त्यावरून माणूस जोखू नका. हे इतक्या ठामपणे सांगण्यामागे कारण आहे.

2010च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनंतर आम्हा प्राध्यापकांची पदोन्नती एपीआयच्या, म्हणजे अध्यापन-संशोधनाला मिळणाऱ्या गुणांवर आली. माझ्या कॅसच्या (पदोन्नती योजनेच्या) मुलाखतीत मी अकोला-वाशीमकडच्या 16 गावांतल्या सिंचनाची पाहणी पुढे ठेवली. चार उन्हाळे गेले होते त्यात. कोणत्या विहिरीला मार्चनंतर पाणी राहतं, कालव्याचं पाणी टोकाच्या शेतापर्यंत जातं का, सगळं शेतकऱ्यांसोबत बांधावर उभं राहून लिहिलेलं, आणि मराठीत. तज्ज्ञ म्हणून आलेल्या गृहस्थांनी पान उलटलं नाही. "याला सायटेशन किती?", म्हणजे इतरांनी याचा संदर्भ किती वेळा दिला, एवढंच विचारलं. मी म्हणालो, अर्थतज्ज्ञ दांडेकरांच्या समितीने जिल्ह्यांचा अनुशेष (विकासात राहिलेली तूट) काढला, त्याच वाटेवरचं हे काम आहे. ते म्हणाले, "दांडेकरांना आता कोण वाचतं?"

मी गप्प बसलो. पदोन्नती समोर होती. तेव्हा गिळलेलं उत्तर आज लिहितो.

वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी गोखले इन्स्टिट्यूटमध्ये बसून देशाच्या गरिबीचा हिशोब मांडला. जानेवारी 1971मध्ये तो 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. राष्ट्रीय नमुना पाहणीचे 1960-61चे खर्चाचे आकडे घेतले, माणशी रोजच्या 2,250 उष्मांकांना किती पैसे लागतात ते पाहिलं आणि रेघ ओढली: खेड्यात महिन्याला 15 रुपये, शहरात साडेबावीस. खेड्यातले 40 टक्के आणि शहरातले 50 टक्के लोक त्या रेघेखाली निघाले. त्यांचा इलाजही न पटणारा होता. जमीन वाटून हे सुटणार नाही, तेवढी जमीनच नाही, सरकारी कामं काढून मजुरी द्या, असं ते म्हणाले. त्या वेळच्या वातावरणात हे लिहायला छाती लागते.

मग दांडेकर समितीचा महाराष्ट्रातल्या प्रादेशिक असमतोलावरचा 1984चा अहवाल. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची, कोणता जिल्हा तिच्या किती मागे आहे ते पाहायचं आणि ती तूट भरायला किती रुपये लागतील ते मांडायचं. तोवर "आमच्यावर अन्याय होतो" हे फक्त भाषण होतं. त्यानंतर त्याला रक्कम मिळाली. माझे बाबा सातवी शिकलेले, कोरडवाहू शेती करणारे. दांडेकर हे नाव त्यांनी कधी ऐकलं नसेल, पण "आपल्या जिल्ह्याचा सिंचनाचा अनुशेष" हे शब्द त्यांच्या तोंडी होते, पारावर बसून ते त्यावर भांडायचे. माझ्या लेखी याहून मोठं सायटेशन नाही.

दांडेकरांचं सगळं मला पटतं असं नाही, हेही सांगायला हवं. त्यांनी प्रदेश न धरता जिल्हा हा घटक धरला, त्यामुळे उर्वरित महाराष्ट्रातल्या (विदर्भ-मराठवाड्याबाहेरच्या) जिल्ह्यांचाही अनुशेष निघाला. विदर्भात याचा राग आहे आणि मलाही तो रास्त वाटतो. उष्मांकांच्या मापावर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी घेतलेले आक्षेपही वाचा, माणसाची भूक अशी एका आकड्यात बसत नाही. आणि रोजगार हमीचं श्रेय दांडेकरांना देऊ नका, ती योजना वि. स. पागे यांची. पण ज्यांच्याशी अजून वाद घालावा लागतो, त्यांना कोणी वाचत नाही असं कसं म्हणायचं?

आता तुमच्या मार्गदर्शकाबद्दल. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठा आणि विचारा, सर किंवा मॅडम तुमच्याबरोबर गावात किती वेळा आल्या? आकडे कुठून आले, प्रश्नावली कोणी भरून घेतली, हे कधी खोदून विचारलं का? याची उत्तरं नीट आली तर एच-इंडेक्स कमी असला तरी चालेल. अर्थात परदेशात नोकरी करायची असेल किंवा शुद्ध सिद्धांतात काम करायचं असेल तर माझा सल्ला अपुरा आहे, तिथे नावाजलेल्या नियतकालिकांतले लेख मोजले जातात आणि तुम्हालाही ते लागतील.

त्या 16 गावांचे तक्ते माझ्याकडे अजून आहेत. विषय सिंचनाकडे वळला तर कळवा, पाठवतो.