वेगळे राहणाऱ्या वडिलांनी मुलाला किती वेळा भेटावे?

मुलापासून वेगळे राहणाऱ्या वडिलांनी महिन्यातून किती वेळा भेटणे पुरेसे आहे, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते भेटींची संख्या हा त्यातला दुय्यम भाग आहे. पॉल अमॅटो आणि जोन गिलब्रेथ या संशोधकांनी १९९९ साली ६३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा नुसत्या भेटींच्या संख्येचा मुलांच्या हिताशी संबंध क्षीण आढळला; वडिलांनी उचललेला खर्च, मुलाशी असलेली जवळीक आणि मायेबरोबर शिस्तही लावणारे पालकत्व यांचा संबंध मात्र अधिक स्पष्ट होता. म्हणजे सुट्टीच्या दिवशी फिरवून आणून, खेळणे हातात देऊन दारात सोडणाऱ्या पाहुण्यापेक्षा, फोनवरून का होईना, भागाकारात बाकी कुठे चुकली हे मुलासोबत पुन्हा मांडून पाहणारा आणि मित्राशी झालेल्या भांडणाचे पुढे काय झाले हे आठवणीने विचारणारा बाप मुलाच्या अधिक उपयोगी पडतो.

ठरलेली वेळ तेवढी पाळावी. बूट घालून खिडकीशी बसलेल्या मुलाला ‘आज जमत नाही’ हे कारण, कितीही खरे असले तरी, पटत नाही. आईसाठीचे निरोप मुलाकरवी धाडू नयेत. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील कलम ९ नेही नियमित संपर्काचा हक्क मुलाला दिला आहे, अर्थात तो संपर्क त्याच्या हिताला बाधक नसेल तर.